खालच्या स्लॉटमधलं कार्ड

आमच्या घरी गॅसचं सिलिंडर आलं की मी आधी त्याच्या सीलचा फोटो काढते, मग आणणाऱ्या भैयाला आत येऊ देते. शिंप्याकडे कापड टाकलं की त्याच्या काठाचा फोटो, गाडी सर्व्हिसिंगला दिली की टायरचा फोटो. नवरा म्हणायचा, लग्नाच्या वेळी माझाही काढून ठेवायचा होता, चारी बाजूंनी. मी म्हणायचे, काढला असता तर आज तुलना करायला बरं पडलं असतं. आमच्यात अशी थट्टा चालायची. पण स्वभाव माझा खरोखरच संशयी आहे आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही. ज्याला आजवर कोणी टोपी घातली नसेल त्यानं खुशाल भोळं राहावं.

मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत बसून, अजून न बांधलेल्या घरांतून लोकांना फिरवून आणते. आर्किटेक्ट नकाशा देतो, मी कॉम्प्युटरवर ते घर उभं करते. भिंती, फरशा, खिडकीतून येणारं ऊन, सगळं. मग गिऱ्हाईक पडद्यासमोर बसून त्या घरात हिंडतं, स्वयंपाकघरात डोकावतं आणि हमखास म्हणतं, देवघर इथं नको.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी नवऱ्याला पुण्याच्या ऑफिसात जागा मिळत होती. दिवाळीनंतर हो-नाही कळवायचं होतं. मला रायपूर सोडायचं नव्हतं. इथं माझं काम होतं, माझी ओळख होती, आणि बाबा होते. बाबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि आता त्यांचं सगळं जग या पाऱ्यातच, या मोहल्ल्यातच. पुण्यात मी कोण? पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली जाऊन बसायचं.

नेमकं तेव्हाच तेलीबांध्याच्या एका आर्किटेक्ट ऑफिसानं मला बोलावलं. नवा रायपूरच्या रस्त्याला त्यांची एक मोठी कॉलनी होणार होती. बंगले, बाग, रस्ते, छोटंसं देऊळ. ही आख्खी कॉलनी त्यांच्या मालकांना सगळ्यांसमोर फिरून पाहायची होती. रेकॉर्ड करून आणलेलं चालणार नव्हतं, ते म्हणतील तिकडं वळायचं. जमलं तर वर्षभराचं काम माझं. मी त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं, हे काम मिळालं तर आपण रायपुरात राहू, नाही मिळालं तर मी मुकाट्यानं पुण्याला येईन. नवरा म्हणाला, "चालते." एवढंच म्हणाला. मला वाटलं, मिटलं.

कॉलनीसाठी कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उभं करणारा भाग, पुरणार नव्हतं, म्हणून नवरात्राच्या आधी नवीन घेतलं. दुकानदारानं माझ्या देखत कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून ते बसवलं, आणि झाकण लावायच्या आधी मी म्हटलं, थांबा भैया. आणि फोटो काढला. तो हसला. घरी आणून एक बंगला चालवून पाहिला, सुरेख चालला. मग मी अष्टमी-नवमीला माहेरी अमरावतीला गेले आणि दसऱ्यानंतर परत आले.

आल्यावर पहिल्यांदा आख्खी कॉलनी त्यात टाकली. उभं राहिलं की चित्र अगदी झकास. चालायला लागलं, तरी ठीक. पण कोपऱ्यावर वळलं की अडखळायचं. पडदा थिजायचा, मग एकदम झटका मारून पुढं जायचा. बागेकडं वळलं की झाडं आधी चिखलाच्या गोळ्यासारखी दिसायची आणि मग हळूच पानं फुटायची. पाहणाऱ्याला गरगरावं असा प्रकार. तेलीबांध्याला हे दाखवलं असतं तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं असतं.

माझं पहिलं मत तयारच होतं. दुकानदारानं जुनं कार्ड नवीन म्हणून गळ्यात मारलं. दिवस-रात्र राबवून पार पिळून काढलेली कार्डं पुसून-पासून विकतात, हे मी ऐकून होते. पुरावा पाहिजे म्हणून मी कॅबिनेट उघडलं, एक व्हिडिओ पाहत पाहत कार्ड बाहेर काढलं, आणि पुरावा हाताला लागलाच. कार्डाच्या खाली लाकडाचा एक छोटा गुटका टेकू म्हणून लावलेला होता. नव्या कार्डाला टेकू? म्हणजे माल वाकलेला. आणि कार्डाच्या कडेला, पंख्याच्या जवळ, कुंकवाचं बोट होतं.

नव्या कोऱ्या, सीलबंद म्हणून घेतलेल्या कार्डावर कुंकू! माझं डोकंच फिरलं. म्हणजे कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी मशीनमध्ये याची पूजा होऊन चुकली होती. बाबा देवळात गेले होते. नवरा ऑफिसला निघायच्या घाईत बुटाची नाडी बांधत होता. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे पाहा. कुंकू कुठून आलं हे?"

त्यानं पाहिलं. नाडी बांधून झाली होती, तरी त्यानं ती सोडून पुन्हा बांधली.

"दुकानवाल्यानंच लावलं असेल," तो म्हणाला. "त्यांच्याकडं होते ना विश्वकर्मा पूजा. सगळ्या मालाले लावत असतील."

"सीलबंद डब्याच्या आत?"

"मले काय माहीत बाप्पा," म्हणाला आणि निघून गेला.

मला त्याचं म्हणणं पटलं नाही, पण बोट दुकानदाराकडे होतं ना, मग माझं समाधान झालं. आपल्याला ज्याच्यावर संशय घ्यायचाच आहे त्याचंच नाव दुसऱ्यानं घेतलं की किती बरं वाटतं. मी कार्डाच्या मागच्या बाजूला नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, म्हणजे दुकानात बदलाबदली केली तर कळेल. मग ते टॉवेलमध्ये गुंडाळून स्कूटीच्या डिकीत घातलं, कॉलनीची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि गेले.

दुकानदारानं कार्ड त्याच्या मशीनमध्ये लावलं, माझी कॉलनी चालवली. लोण्यासारखी चालली. बागेकडं वळा, देवळाकडं वळा, कुठं म्हणून अडखळेना. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून नेलपॉलिशचा ठिपका पुन्हा पुन्हा पाहत होते. ठिपका माझाच होता.

"कुंकवाचं काय?" मी हिंदीत विचारलं.

"कसम से दीदी, हम तो डब्बा खोलते ही नहीं पूजा में," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "आपका मदरबोर्ड पुराना है. नया ले लो, सब ठीक हो जाएगा."

तरीच म्हटलं! आता मदरबोर्ड विकायचा आहे. मी कार्ड उचललं, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि घरी आले. घरी येऊन जिथून काढलं होतं तिथंच बसवलं, गुटक्यासकट. कोपऱ्यावर पुन्हा तेच, अडखळलंच.

पुढचे काही दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. दिवाळी जवळ येत होती. नवरा संध्याकाळी खालच्या ओट्यावर जाऊन फोनवर बोलायचा, पुण्याचा फोन असला की हमखास खाली. बाबा दारातूनच विचारायचे, "चालून राहिलं का बेटा, तुझं मशीन?" आत यायचे नाहीत. मी काम करत असताना माझ्या खोलीत ते कधीच येत नसत, वायरी पायाखाली येतील म्हणून. मी म्हणायचे, "नाही चालत बाबा." ते मान हलवून जायचे.

एका रविवारी सकाळी मी दुकानदाराला फोन करून चांगलं झापलं. नवरा तिथंच, माझ्या मागं, कपड्यांना इस्त्री करत होता. दुकानदार सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "दीदी, एक बात बताओ. कार्ड ऊपर वाले स्लॉट में ही लगा है न? नीचे वाला दिखता वैसा ही है, पर उसमें लाइन कम आती है. चौथाई समझो."

"ऊपर वाला, नीचे वाला, मुझे क्या पता?" मी ओरडले. "लगाया तो आप ही ने था!"

"हव, हमने तो ऊपर ही लगाया था."

"तो ऊपर ही होगा! अपने आप चलके नीचे गया क्या?" म्हटलं, आणि फोन आपटला. मागं इस्त्री थांबली होती. मी वळून पाहिलं, तर नवरा शर्टाची कॉलर पाहत होता.

राग ओसरल्यावर मात्र ते 'चौथाई' डोक्यात घोळत राहिलं. कार्डाची माहिती दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम मिळतो, तो मी उतरवून घेतला. त्यात एक ओळ असते. कार्डाला किती लाइनी घेता येतात आणि आता प्रत्यक्षात किती मिळतायत. घेता येतात सोळा. मिळत होत्या चार.

मग मी नीट वाचलं, आणि जे समजलं ते सोपं होतं. कार्डाची स्वतःची थोडी मेमरी असते. लहान घर असलं की ते सगळं तिच्यात मावतं, बाहेरून काही आणावं लागत नाही, म्हणून लाइनी कमी असत्या तरी बंगला सुरेखच चालला असता. कॉलनी मावत नाही. मग प्रत्येक वळणावर पुढची झाडं, पुढच्या भिंती मशीनच्या मोठ्या मेमरीतून आणाव्या लागतात, आणि त्या येतात स्लॉटमधून, म्हणजे कार्ड ज्या खाचेत बसवतात तिच्यातून. ओट्यावरच्या डब्यात आहे तेवढ्यावर दोघांचा स्वयंपाक भागतो. पंगत बसली की कोठीच्या खोलीत फेऱ्या सुरू होतात, आणि कोठीचं दार अरुंद असेल तर वाढणारा खोळंबतो. माझ्या कॉलनीची पंगत अरुंद दारावर खोळंबली होती.

दुकानात काढलेला फोटो इतके दिवस पाहायचं मला सुचलंच नव्हतं, तो मी फोनवर उघडला आणि उघड्या कॅबिनेटशेजारी धरला. फोटोत कार्ड वरच्या स्लॉटमध्ये होतं. माझ्यासमोर ते खालच्यात होतं. फोटोत गुटका नव्हता. फोटोत कुंकूही नव्हतं.

म्हणजे दुकानदार सुटला. जे झालं ते आमच्या घरात झालं होतं, मी अमरावतीला असताना. आणि घरात दोनच माणसं होती.

माझी रीत अशी की आधी विचारायचं, फायदा कोणाचा? मी हरले तर पुण्याला कोणाला जायचं होतं? नवऱ्याविषयी असा विचार करताना लाज वाटली, पण केला. तो फोन घेऊन ओट्यावर जातो ते आठवलं. सोडून पुन्हा बांधलेली नाडी आठवली. थांबलेली इस्त्री आठवली. सोमवारी तो ऑफिसला गेला आणि मी कार्ड काढून हातात घेऊन बसले, त्यावरचं कुंकू पाहत. बाबा दारात आले.

"काहून काढलं बेटा? मी पुसलं होतं ना चांगलं."

मी मान वर केली. "तुम्ही?"

"नवमीले. शस्त्र उघडून, पुसून पूजा करावं लागते ना. कारखान्यात आम्ही आख्खी मशीन खोलत होतो." माझ्या देखत ते पहिल्यांदाच दाराच्या आत आले, वायरी चुकवत. "दरवर्षी वरूनच फूल वाहतो मी. पण यावर्षी तुझं एवढं मोठं काम होतं, म्हणलं नीट करू. पाह्यलं तं हे एवढं जड, अन् एका बाजूनं लोंबकळून राहिलं. वाकलं होतं ना थोडं. खालची जागा तेवढीच लांब, अन् तिथं खालून टेकू देता येते. म्हणून खाली बसवलं अन् गुटका लावला. हातानं केला म्हणून ओळखू येणार नाही, असा घासून दिला गुटका."

ज्या माणसाला हा पारा सोडायचा नव्हता, त्यानंच माझं कार्ड चौथाईवर आणून ठेवलं होतं, आणि तेही माझं काम व्हावं म्हणून. मला हसूही येत होतं आणि रडूही. तेवढ्यात ते सहज म्हणाले, "त्यानं सांगतलं नाही का तुले? त्यानंच तं बॅटरी धरली होती उजेडासाठी. मी म्हणलं त्याले, ती आली की सांग, जागा बदलली म्हणून."

"विसरला असेल," मी म्हटलं. बाबांसमोर दुसरं काय म्हणणार?

बाबांना मी वेताचा मोडा जवळ ओढून त्यावर बसवलं. दोघांनी मिळून कार्ड वरच्या स्लॉटमध्ये बसवलं. ते म्हणाले टेकूशिवाय ठेवायचं नाही, म्हणून मापं घेऊन गेले आणि जेवणाच्या आत एक उंच गुटका घासून घेऊन आले. प्रोग्राममध्ये सोळा दिसल्या. मी कॉलनी लावली, बाबांच्या हातात माऊस दिला. ते बागेकडं वळले, देवळाकडं वळले, मागं फिरले. पान न् पान जागेवर होतं.

"हव," ते म्हणाले, आणि बराच वेळ देवळासमोरच उभे राहिले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला काही न सांगता खुर्चीत बसवलं आणि कॉलनी चालवली. पडद्याकडे पाहायचं कारण नव्हतं, मी त्याचं तोंड पाहत होते. कोपरा आला, वळला, अडखळला नाही. दुसरा कोपरा आला. माणूस खूश झाला की त्याचे खांदे सैल होतात. त्याचे उतरले, पण ते खुशीचे नव्हते.

"वरच्या स्लॉटमध्ये लावलं का?" तो म्हणाला.

मी विचारलंही नव्हतं.

"कुंकू दुकानवाल्यानं लावलं म्हणालास तू."

"बाबांवर ओरडली असती तू. तुले माहीत आहे तुझा आवाज. त्यानं मशीन हळू होते हे मले काय माहीत होतं तेव्हा? सुरुवातीले बाबांसाठीच गप्प बसलो."

"आणि मग?"

बाहेर बाबा ओट्यावर कोणाला तरी गुटक्याची हकीकत सांगत होते, ती आत ऐकू येत होती.

"मग त्या रविवारी तू फोनवर भांडत होती. वरचं-खालचं. तेव्हा समजलं."

"समजलं आणि इस्त्री करत राहिलास."

"हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दिवसभर डोकं फोडत होते, दुकानदाराला चोर म्हणत होते, आणि हा एक वाक्य पोटात घेऊन कॉलर पाहत उभा. मी हे सगळं बोलले, आवाज न चढवता, बाबा बाहेर होते म्हणून. ते जास्त वाईट लागलं असणार. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मले जायचं होतं," तो म्हणाला. "या ऑफिसात मी कंटाळलो आहे. तुझी अट ऐकली तेव्हाही जायचंच होतं."

"मग तेव्हा 'चालते' कशाला म्हणालास? तोंड शिवलं होतं का?"

"तू सांगत होती. विचारून नव्हती राहिली."

मी ती संध्याकाळ आठवून पाहिली. खरंच, मी सांगितलंच होतं. तरीही त्यानं केलं ते मला माफ करता आलं नाही, आणि अजूनही सगळं करता आलेलं नाही. पडद्यावर कॉलनी उघडीच होती, फिरत फिरत देवळासमोर येऊन थांबलेली, दुपारी बाबा थांबले होते तिथंच.

तेलीबांध्याला मी एकटी गेले. कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन गेले, कोणावर सोपवलं नाही. ऑफिसच्या खिडकीतून तलाव दिसत होता, पण मालकांनी तिकडं पाहिलंही नाही. ते माझ्या कॉलनीत हिंडत होते. मागं वळले, धावत वळले, मुद्दाम झाडांतून वळले. कुठंच अडकलं नाही. शेवटी एक म्हणाला, देवळाचं तोंड बदलावं लागेल. तेव्हाच मला कळलं की काम मिळालं.

घरी आले तर बाबा दारातच होते. माझा चेहरा पाहूनच त्यांना समजलं. ते तसेच आत गेले आणि देवासमोर दिवा लावला. नवरा माझ्या खोलीत बसला होता, हातात फोन.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हणायचा प्रयत्न केला हे मला दिसलं. मग फोनवर काहीतरी लिहिलं, पाठवलं. "पुण्याले 'नाही' म्हणून कळवलं."

मी उभीच होते. त्यानं फोन माझ्याकडे फिरवला आणि हात लांब करून धरला.

"घे. फोटो काढून ठेव."

थट्टा नव्हती ती. मी फोनकडे पाहिलं नाही. पर्स खाली ठेवली, कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसले. फोटो मी काढला नाही.